हॉलमधल्या समुद्राला किती ऊन लागतं?

छोट्या रीफ टँकसाठी लाईट घ्यायला निघालात? पाकीट काढण्याआधी पाच मिनिटं थांबा. डब्यावरच्या वॅटला भुलून आमच्या घरात काय झालं, ते आधी ऐका...

रात्रीचे साडेआठ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून तुम्ही एकदाचे घरी पोचता. बूट काढता, लॅपटॉपची बॅग सोफ्यावर फेकता आणि समोर हॉलच्या कोपऱ्यात चक्क समुद्र! दोन फुटांच्या काचेत निळसर पाणी, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी, खडकावर शर्टाच्या बटणांसारखी फुललेली हिरवी-केशरी झोअँथिड, आणि तळाच्या वाळूवर सळसळणाऱ्या उजेडाच्या रेघा. टीव्ही लावायचं सुचतच नाही. बॉसचा शेवटचा मेल विसरायला याच्याइतका स्वस्त... नाही, स्वस्त हा शब्द चुकलाच. याच्याइतका देखणा उपाय मला तरी सापडलेला नाही.

गोड्या पाण्यातले गप्पी-मॉली पाळून झाले की अनेकांना या खाऱ्या पाण्याचं वेड लागतं. शंभर लिटरच्या आतला टँक म्हणजे या छंदाच्या भाषेत 'नॅनो रीफ'. आपल्या वन बीएचकेमध्ये मावणारा एवढाच समुद्र. हे वेड लागलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त पैसे कशात गेले? उत्तर येईल, लाईटमध्ये. आणि सगळ्यात जास्त चुका कशात झाल्या? उत्तर तेच!

सहा हजारांचा सूर्य

माझा टँक साठ सेंटीमीटर लांब, चाळीस रुंद, चाळीस उंच. हिशोबाने ९६ लिटर, खडक-वाळू टाकल्यावर त्याहून कमीच. पाणी झालं, पंप झाला, मीठ मोजून झालं, दीड महिना टँक नुसता 'पिकू' दिला. मग एका शनिवारी लाईट आणायला गेलो. दुकानदाराने काळा पत्र्याचा चौकोनी दिवा काढला. डब्यावर ठसठशीत १६५ वॅट. "साहेब, एवढ्यात काहीही जगेल. पुन्हा अपग्रेडचं टेन्शन नाही." सहा हजार मोजले. मनात म्हटलं, जास्त असला तर काय बिघडतं, कमी पडायला नको.

हा 'जास्त असला तर काय बिघडतं'वाला फंडा एसी घेताना चालतो, रॅम घेताना चालतो. इथे नाही चालत.

दिवा पाण्यापासून वीतभर उंचीवर टांगला आणि दोन्ही नॉब शंभर टक्क्यांवर फिरवले. हॉल उजळून निघाला. त्याच आठवड्यात एक लेदर कोरल आणलं होतं. हे छत्रीसारखं, चामड्यासारख्या पोताचं मऊ प्रवाळ. अंगावर बारीक बारीक पॉलिप, म्हणजे फुलासारखे दिसणारे जीव. पहिले चार दिवस त्याने एकही पॉलिप बाहेर काढला नाही. म्हटलं, नवीन जागा आहे, रुळतंय. आठव्या दिवशी रंग उतरला. बाराव्या दिवशी त्याचा माथा धुतलेल्या साबुदाण्यासारखा पांढरट दिसायला लागला. शेजारची झोअँथिड तर मुठी आवळून बसलेली.

मग मी तेच केलं, जे सगळे नवखे करतात. पाण्यामागे लागलो. नायट्रेट तपासलं, क्षारता तपासली, वीस टक्के पाणी बदललं, कसलीशी 'कोरल फूड'ची बाटली आणून थेंब थेंब घातले. पाणी एकदम उत्तम होतं. बायको रोज रात्री डोळ्यांवर हात धरून सोफ्यावर बसायची. एके दिवशी वैतागून म्हणाली, "अरे, त्याच्या पण डोळ्यांवर येत असेल!"

निदान बरोबर होतं. ते तिने केलं होतं, हे मी आजही फारसं कुणाला सांगत नाही.

ऑफिसातल्या एका मित्राकडे उजेड मोजायचं मीटर आहे. रविवारी तो ते घेऊन आला, सेन्सर पाण्यात बुडवला, खडकाच्या मधोमध धरला. आकडा आला ४३०. "तू काय समुद्रसपाटीवर अ‍ॅक्रोपोरा लावलायस का?" तो हसत सुटला. लेदर कोरलला शंभराच्या आसपास पुरे होतं. मी चौपट ऊन दिलं होतं, तेही पहिल्या दिवसापासून.

पोटातले स्वयंपाकी

हे आकडे कसले, ते समजायला प्रवाळाचं घर आतून बघावं लागेल. प्रवाळ हा प्राणी आहे, झाड नाही. पण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ राहतं, झूझँथेली नावाचं. हे भाडेकरू उजेडात प्रकाशसंश्लेषण करतात, साखर बनवतात आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतात. बदल्यात त्यांना मिळतो निवारा, कार्बन डायऑक्साइड आणि प्राण्याच्या टाकाऊतलं नायट्रोजन. म्हणजे टँकवरचा दिवा हा खरं तर गॅसची शेगडी आहे. ती बंद, तर पोटातले स्वयंपाकी बेकार. ती भसाभस पेटवली, तर स्वयंपाक करपतो.

करपतो म्हणजे काय? उजेड पेलवेनासा झाला की शेवाळात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. त्यांनी दोघांच्याही पेशींना इजा होते. शेवटी प्रवाळ आपल्या भाडेकरूंना बाहेर काढतं, किंवा त्यांचा रंग जातो. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंग बराचसा या शेवाळाचाच, त्यामुळे मागे उरतो पांढरा देह. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्र तापला की मैलोन्‌मैल रीफ असेच पांढरे पडतात. माझ्या हॉलमध्ये त्याची छोटी आवृत्ती निघाली होती. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही, ते उपाशी असतं. उजेड आवरला आणि वेळ मिळाला तर ते सावरतं. म्हणूनच 'काहीतरी बिनसलंय' हे चौथ्या दिवशी ओळखणं आणि विसाव्या दिवशी ओळखणं यात फरक पडतो.

लाईट आधी नाही, यादी आधी!

आता खरी गंमत. नेटवर 'बेस्ट रीफ लाईट' शोधलंत की जे सल्ले मिळतात, त्यातले बरेच अमेरिकेत-युरोपात बसलेल्या मंडळींसाठी असतात. त्यांच्या टँकमध्ये अ‍ॅक्रोपोरासारखी दगडी सांगाड्याची प्रवाळं असतात. समुद्रात उथळ पाण्यात, कडक उन्हात वाढणारी. त्यांना उजेड खरंच खूप लागतो.

आपल्याकडे ही यादीच वेगळी आहे, आणि ती कायद्याने ठरलेली आहे. रीफ बांधणारी सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन हे सगळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच अनुसूचीत! त्यातल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक', म्हणजे जुन्या प्रवाळाचा खडक, हाही याच भानगडीत येतो. त्यामुळे खडक भट्टीत भाजलेला किंवा सिमेंटसारख्या मिश्रणाचा, माणसाने बनवलेलाच घ्यायचा. सहा महिन्यांत त्याच्यावर जांभळट लेप चढला की फरकही कळत नाही. दुकानात कुणी हळू आवाजात "हातोडा कोरल आहे साहेब, आतल्या खोलीत" म्हणालं, की तिथून निघायचं. कुठून आलं हे विचारल्यावर "टेन्शन घेऊ नका" असं उत्तर मिळालं, तर टेन्शन जरूर घ्या. दगडी प्रवाळ बघायचंच असेल तर मालवण आहे ना! तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. बघायचं आणि हात न लावता परत यायचं.

मग आपल्या टँकसाठी उरतं काय? झोअँथिड, मशरूम, लेदर, श्वास घेतल्यासारखी उघडझाप करणारी झेनिया. या मऊ मंडळींची नावं वरच्या यादीत नाहीत, आणि लाईटच्या दृष्टीने आपल्यासाठी ही बातमी एकदम भारी आहे. कारण यांतल्या कुणालाही तो राक्षसी उजेड नको असतो. परदेशी व्हिडिओतला माणूस ज्या दिव्याला 'मिनिमम' म्हणतो, त्याच्या निम्म्यात आपलं काम भागतं. दोन दिवे टांगायचा सल्ला मिळाला तर एक घ्या. त्यातून वाचलेल्या पैशांत ऐन एप्रिलमध्ये टँक थंड ठेवायची सोय करा, ती जास्त उपयोगी पडेल.

एक धोक्याची सूचना, विषय थोडा सोडून. झोअँथिडच्या काही जातींमध्ये, विशेषतः पालिथोआमध्ये, पालिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. खडक हाताळताना हातमोजे घाला, आणि तो धुवायला कधीही उकळू नका, ब्रशने घासू नका. वाफेतून-तुषारांतून घरभर लोक आजारी पडल्याची उदाहरणं जगात आहेत.

वॅट, ल्युमेन, केल्विन... आणि पार

दिव्याच्या डब्यावर चार प्रकारचे आकडे असतात. त्यातले तीन बरेचसे शोभेचे.

वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. जेवणाऱ्याचं वजन सांगून तो काम किती करतो हे कळत नाही, तसंच हे. ल्युमेन आणि लक्स हे माणसाच्या डोळ्याला उजेड किती वाटतो याचं माप. आपला डोळा हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वांत तिखट आणि गडद निळ्याला मंद. रीफचा दिवा तर मुख्यतः निळा! त्यामुळे मोबाईलवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप टँकसमोर धरलंत तर ते सरळ खोटं बोलेल. केल्विन हा रंगाचा अंदाज. घरातली पांढरी ट्यूब साधारण ६,५०० केल्विन, रीफचे दिवे १०,००० पासून २०,००० पर्यंत, म्हणजे पांढऱ्याशुभ्रपासून गडद निळ्यापर्यंत.

निळा का? कारण समुद्र तसाच आहे. पाणी लाल रंग आधी गिळतं. दहा मीटर खाली तो जवळपास संपलेला असतो. निळा मात्र खोल खोल जात राहतो. झूझँथेलीची रंगद्रव्यं याच निळ्यावर पोसलेली आहेत. त्यामुळे दिव्यात ४०० ते ४७० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले, म्हणजे जांभळे ते निळे एलईडी भरपूर हवेत. पांढरे थोडे चालतील. लाल-हिरवे चवीपुरते.

आणि चौथा आकडा म्हणजे पार. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे उजेडाचे कण एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती पडतात, त्याची मोजणी. मित्राच्या मीटरवरचा ४३० हा आकडा याचाच. भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, उघड्यावर हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. आपल्या टँकमध्ये मशरूमला ३० ते ८० पुरतो. झोअँथिड, लेदर, झेनिया ६० ते १५० मध्ये मजेत राहतात. अ‍ॅक्रोपोरावाल्यांचा खेळ २०० ते ३५० चा, तो आपला नाही.

या आकड्यांचं वेड लावणाऱ्यांत एक नाव संजय जोशींचं आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी रीफचे दिवे एकेक करून प्रयोगशाळेच्या शिस्तीत मोजले, त्यांचे आलेख प्रसिद्ध केले. तोवर सगळा कारभार 'लिटरमागे इतके वॅट' अशा अंदाजपंचे सूत्रांवर चालायचा. आडनाव वाचून आमची छाती उगाचच दोन इंच फुगली होती, ते सोडा. पण दिवा कसा निवडायचा हा प्रश्न मतांचा राहिला नाही, मोजण्याचा झाला, त्यात या माणसाचा हात मोठा.

मीटर विकत घ्यायचं का? अपोजी कंपनीचं पाण्याखाली चालणारं मीटर उत्तम आहे, पण महाग, आणि वर्षातून दोनदाच लागतं. एखाद्या मित्राकडून, ओळखीच्या दुकानदाराकडून अर्ध्या दिवसासाठी मागून आणा. बदल्यात मिसळ खाऊ घाला. तेही जमलं नाही तर कंपनीने दिलेला पारचा नकाशा बघा. दिवा इतक्या उंचीवर, पाण्यात इतक्या खोलीवर, मध्यभागी इतका आणि कोपऱ्यात इतका. असा नकाशा जी कंपनी देतच नाही, तिच्या दिव्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

ट्यूब, हॅलाइड की एलईडी?

हा वाद आता जवळपास मिटलाय. मेटल हॅलाइडचा झगमगाट अजून कुणाकुणाला आठवतो, पण दीडशे वॅटचा तो तवा शंभर लिटर पाण्यावर टांगायचा म्हणजे एप्रिलच्या पुण्यात टँकचं पिठलं. टी-५ ट्यूबचा उजेड मऊ, सगळीकडे सारखा, सावल्या न पाडणारा. जुने जाणकार आजही तिची आठवण काढतात. पण नऊ-बारा महिन्यांनी ट्यूब बदलाव्या लागतात आणि त्या मिळणं अवघड होत चाललंय. युरोपीय संघात तर त्यांच्यातल्या पाऱ्यामुळे ऑगस्ट २०२३ पासून नव्या टी-५ बाजारात आणणंच बंद झालं. तेव्हा नवा टँक असेल तर एलईडी घ्या आणि मोकळे व्हा.

एलईडीमध्येही दोन स्वभाव असतात. एकाच ठिपक्यातून उजेड टाकणारे, आणि पसरट पट्टीसारखे. ठिपकेवाल्यांनी वाळूवर त्या सळसळत्या रेघा उमटतात. केसिलची ए-मालिका याच गोष्टीसाठी लोकप्रिय आहे. तिच्यातला १५ वॅटचा ए-८० हा चिमुकला दिवा चाळीस-पन्नास लिटरच्या मऊ प्रवाळांच्या टँकवर छान शोभतो. अ‍ॅक्वाइल्युमिनेशनचा प्राइम माझ्याएवढ्या टँकला पुरून उरतो. त्याचे रंग मोबाईलवरून वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. इकोटेकचा रेडिऑन म्हणजे या गल्लीतली मर्सिडीज. मऊ प्रवाळांसाठी तो घेणं म्हणजे भाजी आणायला मर्सिडीज काढणं. परवडत असेल तर हरकत नाही, पण गरज नाही. ठिपकेवाल्या दिव्याचा तोटा एकच. खडकाच्या कपारींत गडद सावल्या पडतात. पण मशरूमना सावलीच आवडते, त्यांना तिथे बसवा. झाला प्रश्न निकाली!

आणि माझा तो सहा हजारांचा काळा डबा? तो मी फेकला नाही. नॉब असलेला कोणताही दिवा वाचवता येतो. निळा ३५ टक्क्यांवर, पांढरा १० वर आणला, दिवा आणखी वीस सेंटीमीटर वर चढवला. मीटरने खडकावर ९५ दाखवलं. पुढच्या दोन वर्षांत त्याचा पंखा खडखडायला लागला, तेव्हा मग प्राइम घेतला. ही पंख्याची गोष्ट कुणी सांगत नाही, मी सांगतो. टँक बेडरूममध्ये ठेवणार असाल तर दुकानात दिवा चालू करून कान लावून ऐका. रात्री साडेदहाला 'घुंईऽऽ' सहन होत नाही.

दुकानातला निळा सापळा

आणखी एक फसगत. दुकानात शिरल्याबरोबर झोअँथिड निऑनसारखी चमकताना दिसतात. हिरवा असा की डिस्कोत आलो की काय! घरी आणून आपल्या दिव्याखाली ठेवलं की तपकिरी बटणं. दुकानदाराने बदलून दिलं नाही हो, फक्त उजेड बदललाय. अशा बऱ्याच जीवांच्या अंगात फ्लुरोसंट प्रथिनं असतात. जांभळा-निळा उजेड गिळून ती हिरवा-केशरी बाहेर टाकतात. ज्या जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाला २००८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच कुटुंबातली. निव्वळ निळ्याखाली ही प्रथिनं झळाळतात, पांढरा मिसळला की झळाळी बुजते.

म्हणून विकत घेण्याआधी दुकानदाराला पांढरा लाईट लावायला सांगा. मोबाईलच्या टॉर्चनेही भागतं. त्या उजेडातही आवडलं तर घ्या. आणि घरी निळा किती ठेवायचा हे तुमच्या डोळ्यांनी ठरवा. निळ्या-पांढऱ्याचं प्रमाण थोडं इकडे-तिकडे केल्याने प्रवाळाचं फारसं अडत नाही, पार जागेवर असला म्हणजे झालं. पहिल्या महिन्यात आमचा हॉल इतका निळा असायचा की सासूबाईंनी दारातच विचारलं, "घरात बार उघडलाय का?" तेव्हापासून पाहुणे यायचे असतील तर पांढरा वीस टक्के.

ऑफिसवाल्यांचा सूर्योदय

टँकमधला सूर्य सकाळी सहालाच उगवला पाहिजे असा काही नियम नाही. प्रवाळाला हवेत रोज सारखे आठ-नऊ तास. ते कोणते, हे तुम्ही ठरवा. माझ्याकडे दुपारी दोनला हळूहळू निळा चढतो, चार ते नऊ भर दुपार असते, मग पांढरा उतरत जातो आणि अकराला निळाही विझतो. म्हणजे मी घरी येतो तेव्हा तिथे ऐन बहर. टायमर नसेल तर शंभर-दोनशे रुपयांचा प्लगवाला टायमर लावा, पण हाताने चालू-बंद करायच्या भानगडीत पडू नका. वीकएण्डला मित्र आले म्हणून रात्री दोनपर्यंत दिवा चालू, असला लाड तर नकोच. जास्तीचे तास प्रवाळापेक्षा काचेवरच्या हिरव्या शेवाळालाच मानवतात. टँक पश्चिमेच्या खिडकीजवळ असेल तर उन्हाचा तिरपा पट्टाही तेच करतो, शिवाय पाणी तापवतो.

गुरुवारी लाईट गेली तर? दिव्याची काळजी करू नका. एक-दोन दिवसांच्या अंधाराने निरोगी मऊ प्रवाळाचं काही बिघडत नाही, समुद्रातही पावसाळी ढग असतातच. पंप बंद पडला तर मात्र काही तासांत ऑक्सिजन घटायला लागतो. इन्व्हर्टरवर आधी पंप टाका, दिवा शेवटी.

विजेचं बिल? पन्नास वॅटचा दिवा साठ टक्क्यांवर नऊ तास चालला तर दिवसाला पाव युनिटच्या किंचित वर, महिन्याला आठ युनिट. बायकोला दाखवायला हा आकडा उपयोगी. टँक थंड ठेवणाऱ्या चिलरचं बिल त्याच वेळी दाखवू नये.

आणि खाऱ्या पाण्याशेजारी वीज आहे, हे विसरू नका. दिव्याच्या वायरला प्लगच्या खाली एक झोल ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल. अर्थिंग नीट आहे ना, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवलाय ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. मिठाचे तुषार दिव्यावर बसतात, आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. दिवा बंद करून, अर्थातच.

हळू, अजून हळू

नव्या प्रवाळाला पहिल्या दिवशी पूर्ण उजेड द्यायचा नाही, ही माझी चार आठवड्यांच्या उपासमारीने शिकलेली गोष्ट. ठरवलेल्या पातळीच्या निम्म्याने सुरुवात करा, दर आठवड्याला पाच-पाच टक्के चढवा. नवं प्रवाळ आधी वाळूवर, कोपऱ्यात ठेवा. तिथे पार सगळ्यात कमी असतो. आठवड्याभराने एक पायरी वर. पॉलिप लांबट होऊन दिव्याकडे माना ताणायला लागले तर उजेड कमी पडतोय. आक्रसून बसले, रंग फिका पडला तर जास्त होतोय. एकदा हे वाचायला शिकलात की मीटर कपाटात.

या हळूपणाचा अर्थ मला मागच्या हिवाळ्यात मुंबईत कळला. २०१७ पासून 'मरीन लाईफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवून तिथले जीव दाखवतात. त्यांचं बघून मीही एका ओहोटीला हाजीअलीच्या खडकांत उतरलो. गढूळ पाणी, प्लास्टिकच्या पिशव्या, पाठीमागे गाड्यांचा गोंगाट. आणि पायाशी, खडकाला चिकटलेली शेकडो झोअँथिड! दुपारच्या उन्हात, पाण्याबाहेर, तोंडं मिटून. तिथे मीटर लावलं असतं तर हजाराच्या पुढे गेलं असतं. माझ्या घरी त्यांची भावंडं ४३० मध्ये मुठी आवळून बसली होती, आणि ही इथे निवांत भरतीची वाट बघत होती. जन्मापासून याच उन्हात वाढलेली. माझ्याकडची कुठल्याशा अंधाऱ्या दुकानातून एका संध्याकाळीत भर उन्हात आणलेली. मी वाकून बघत राहिलो. उचलायचं काही नव्हतंच. पहिली लाट आली तशी काहींनी तोंडं किंचित उघडली.

आमचं लेदर कोरल वाचलं. तीन महिने लागले. आधी काठाला तपकिरी छटा आली, मग एका रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या मध्यरात्री, मी टॉर्च मारून बघितलं तर माथ्यावर बारीक पॉलिपची लव उभी. मी बायकोला हाक मारली. ती चहा घेऊन आली, बघितलं, आणि म्हणाली, "टॉर्च बंद कर. झोपलंय ते."